सलोख्याच्या सभा झाल्या, पत्ते कोण शोधणार?

माहीमकर
४ नोव्हेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींत ९०० माणसं गेली, १६८ बेपत्ता झाली. बेपत्तांपैकी ६० जणांच्या घरी भरपाई पोचली. उरलेल्या १०८ घरांची रखडली, कारण कुठे पत्ता सापडेना, कुठे कागद अपुरे. न्यायालयाने १९९९ पासून ९ टक्के व्याजासह दोन-दोन लाख द्यायला सांगितलं आणि देखरेखीला समिती नेमली.

पत्ता सापडत नाही हे मला पटत नाही. सरकारी कचेरीला नसेल ठाऊक. पण कोण खोली विकून मुंब्र्याला गेलं, कुणाची आई आता कोणत्या लेकीकडे असते, हे मशिदीच्या जमातीला माहीत असतं. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या वर्गणीच्या वहीतही जुनी नावं असतात. तीस वर्षं आपण सर्वधर्म प्रार्थना केल्या, ईद-दिवाळीला ताटं पोचवली. मीही पोचवली, पुढेही पोचवीन. पण ज्या बाईला नवऱ्याचं प्रेतही मिळालं नाही, तिच्यासोबत कचेरीत कोण गेलं? देवळं, मशिदी, चर्च यांनी हे काम अंगावर घ्यावं असं माझं मत आहे.

भिवंडीवाला
मला हे मान्य नाही. आमच्या गावाने १९७० ची दंगल पाहिली, १९८४ ची पाहिली. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे, भांडण लहान असतानाच मिटवायचे. बाबरी पडल्यावर मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत ८४ चा हिशेब काढला असता तर दुसऱ्या बैठकीला कुणी फिरकलं नसतं. आणि धर्मस्थळांनी केलेली पीडितांची यादी निवडणुकीत कुणाच्या हाती लागेल, याचा विचार केलात का? आधी माणसं जगली पाहिजेत.

मुंब्रा लोकल
दादा, जगलेल्यांचंच सांगते. माणूस बेपत्ता असला की कायदा सात वर्षं त्याला मेलेला धरत नाही. तोवर मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय खोली नावावर करायला गेलं की खेटे. आमच्या नात्यातल्या एका बाईला इद्दतीला, म्हणजे नवरा गेल्यावर ठरावीक काळ पाळायच्या एकांताला, बसायचं की नाही, हेच कुणी ठामपणे सांगेना. हिंदूंत अशा वेळी प्रेताऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यावर अंत्यसंस्कार, म्हणजे पालाशविधी, करतात असं ऐकलंय. म्हणजे हा प्रश्न धर्माच्या दारात उभाच आहे, धर्मस्थळांनी हात झटकून तो वकिलाकडे कसा ढकलता येईल? तिला कुणी सभेला बोलावलं नाही असं नाही. बोलावलं, हार घातला, बोलू दिलं नाही.

जोगेश्वरी पूर्व
पण धागा एकाच बाजूचा का? जानेवारी ९३ मध्ये आमच्या जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत सहा हिंदू माणसं जाळून मारली. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा दिली, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सगळे सुटले. त्या घरांना न्याय कुठे मिळाला? त्यांची नावं निवडणुकीत मात्र ऐकू येतात.

माहीमकर
तुमचं खरं आहे. मी ते लिहायला हवं होतं. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने दोन्हीकडच्या मेलेल्यांची नोंद केली, म्हणूनच तो अहवाल मी मानतो. यादीत राधाबाई चाळ नसेल तर ती यादी मलाही नको. मशिदीने राधाबाई चाळीच्या वारसांसाठी अर्ज लिहावा आणि मंडळाने बेपत्ता मुसलमानाच्या आईचा पत्ता शोधावा, इथपर्यंत मी जाईन.

भिवंडीवाले, तुमच्या कमिट्यांनी जीव वाचवले, त्याबद्दल दुमत नाही. पण १९८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी दंगलीतल्या विधवा गप्प बसल्या असत्या तर २०१८ मध्ये काँग्रेस नेता सज्जनकुमारला जन्मठेप झाली असती का? चौतीस वर्षं लागली.

भिवंडीवाला
चौतीस वर्षांत किती साक्षीदार गेले, तेही मोजा. राधाबाई चाळीसाठी मशिदीतून अर्ज निघाला तर मी स्वतः लिहायला बसेन. यादी मात्र धर्मस्थळात ठेवू नका, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या.

मुंब्रा लोकल
द्या तिथे. पण पहिलं नाव लिहून घ्यायला घरी कोण येणार, ते इथेच सांगा. ती बाई आता पासष्टीची आहे, जिना उतरत नाही.