सहा गुण आणि तेरा लाख: जर्मनीच्या ‘चान्सनकार्ट’वर पोरांना पाठवावं का?

नेकरकाठचा

दिवाळीपासून पुण्याहून सात फोन आले. सातही पोरं मेकॅनिकलवाली आणि प्रश्न एकच, “दादा, चान्सनकार्टवर येऊ का?” सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बीवर (तिथल्या नोकरीचा व्हिसा) एक लाख डॉलरचा भुर्दंड टाकला. पाठोपाठ दिल्लीतल्या जर्मन राजदूतांनी व्हिडिओ काढला, की आमचं स्थलांतराचं धोरण जर्मन गाडीसारखं भरवशाचं आहे, या. झालं, यूट्यूबवर सल्लागारांचं पीक आलं. म्हणून इथेच एकदा लिहून टाकतो. माझं मत: येऊ नका. या कार्डावर, जर्मन न शिकता तर नाहीच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे कार्ड जून २०२४ पासून सुरू झालं. हातात नोकरी नसताना वर्षभर जर्मनीत राहून ती शोधायची परवानगी. पदवी मान्यताप्राप्त हवी, वर्षाच्या खर्चाचे साधारण तेरा लाख रुपये खात्यात दाखवायचे आणि सहा गुण जमवावे लागतात. आता चाकणला तीन वर्षं काम केलेला २७ वर्षांचा इंजिनिअर घ्या. वय पस्तिशीच्या आत, २ गुण. अनुभवाचे २. पेशा माणसांच्या तुटवड्याच्या यादीत, १. इंग्रजी सी-वन (भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन अशा चढत सी-टूपर्यंत), १. झाले सहा. ‘गुटेन टाग’सुद्धा न येता!

गोम इथेच आहे. गुण मोजतो दूतावास आणि नोकरी देतो इथला कारखानदार. साठ-सत्तर माणसांचा त्याचा कारखाना, ड्रॉइंगवरच्या सूचना जर्मनमध्ये, फोरमन खेकसतो तोही जर्मनमध्ये. गेल्या वर्षी भाच्याचा एक मित्र आमच्या हॉलमध्ये चार महिने राहिला होता. फ्रिजवर त्याने क्रियापदांच्या पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, दूध काढताना पुटपुटायचा. गुणी पोरगा. सहा मुलाखती मिळाल्या. पाच ठिकाणी सुरुवात इंग्रजीत झाली आणि दहाव्या मिनिटाला समोरचा जर्मनवर आला. अकराव्या महिन्यात पोरगा परत गेला.

त्यात गाड्यांच्या धंद्याची ही अवस्था. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्येच २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी करायचं ठरवलंय. (भरवशाची गाडी!) आणि भारतातल्या कुशल लोकांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० केले, हे जो तो ऐकवतो. अहो, तो व्हिसांचा आकडा. तेवढ्या नोकऱ्या देतो असं कुणीच म्हटलेलं नाही.

उलटसुलट

साफ असहमत. मी २०२४ च्या ऑक्टोबरात याच कार्डावर आलो आणि आज ब्ल्यू कार्डावर (पदवीधरांना नोकरी लागल्यावर मिळणारा परवाना) आहे. धागाकर्ते बहुधा कंपनीच्या बदलीवर, सामान-खर्चासकट आलेले दिसतात. चूभूद्याघ्या.

पुण्यात बसून मी तीनशे अर्ज टाकले होते. ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं एकच, ‘तुम्ही जर्मनीत आहात का?’ हा प्रश्न फक्त या कार्डाने सुटतो. याआधी नोकरी शोधायचा व्हिसा सहा महिन्यांचा होता आणि त्यावर काम करायला बंदी. आता वर्ष मिळतं, आठवड्याला २० तास काम करता येतं. मी गोदामात खोकी उचलली. २०२५ साली किमान वेतन ताशी १२.८२ युरो होतं, कापून महिन्याला नऊशेच्या आसपास हातात पडायचे. त्यात खोली आणि वरणभात निघायचा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत: एखाद्या कंपनीत दोन आठवडे काम करून दाखवता येतं. माझी मुलाखतही जर्मनवर आली तेव्हा आडवीच झाली होती. मी म्हटलं, दोन आठवडे घ्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या फिक्स्चरमध्ये बोल्ट घासत होता, तो मी बोट ठेवून दाखवला. त्याला कुठलं व्याकरण लागतं?

तुमचं म्हणणं कसं झालंय, आपण लोकलमध्ये शिरलो की दारातल्याला ओरडायचं, ‘आत जागा नाही!’

रात्रपाळी

दोघेही इंजिनिअर, त्यामुळे जर्मनी इंजिनिअरपुरतीच. मी मिरजेची नर्स. जर्मन शिकू का, असं आम्हाला विचारायची सोयच नाही. बी-टू आणि शिक्षणाची मान्यता असल्याशिवाय इथे नर्स म्हणून उभं करत नाहीत, तोवर मदतनीस. मी चौदा महिने मदतनीस होते. मान्यतेच्या परीक्षेत खऱ्या पेशंटचं सगळं करून दाखवायचं असतं. माझ्या वाट्याच्या आजीबाई अस्सल स्वाबियन बोलीत बोलल्या, बी-टू तिथेच गळालं. पाण्याचा ग्लास मागत होत्या, हे त्यांच्या बोटावरून कळलं. तरी पास झाले.

महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात सुरुवातीला १०,००० माणसांचं बोलणं होतं. तो नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा लोकांसाठी. त्यावर कुणी धागा काढत नाही.

बाकी येण्याचं काय घेऊन बसलात, आल्यावर परवाना वाढवताना खरी गंमत. माझा संपत आला तेव्हा आमच्या गावातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळच मिळेना. शेवटी हातात एक घडीचा कागद आला. त्याचं नाव फिक्शिओन्सबेशाइनिगुंग. म्हणजे निर्णय होईपर्यंत तुमचा परवाना चालूच आहे असं कायदा धरून चालतो. त्यावर मी बहिणीच्या लग्नाला आले. परतताना मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग दिव्यासमोर धरला. मी घामाघूम. सुपरवायझर आला तेव्हा कागदावरच्या जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमासमोरची फुली त्याला बोटाने दाखवली, मग सोडलं. फुली तिसऱ्यासमोर असती तर त्या कागदावर परत येता आलं नसतं. म्हणून सांगते, कागद हातात पडला की आधी फुली बघा, मग तिकीट काढा.

मिसळीतला पाव

तेरा लाखांत इस्लामपुरात गाळा येतो का हो? सहज विचारतोय.

उलटसुलट

@पाव, ते कुणाच्या घशात घालायचे नसतात. वर्षाचे १३,०९२ युरो आपल्याच नावाच्या बंद खात्यात ठेवायचे, महिन्याला १,०९१ सुटतात. नोकरी लागली की उरलेले आपलेच. पैसे ‘गेले’ असं सगळे का म्हणतात कळत नाही.

सांगलीकर बाप

मी एरवी नुसता वाचतो. मुलगा २६ वर्षांचा, मेकॅनिकल, पहिली नोकरी सोडायच्या बेतात. बँकेत विचारून आलो. यात कॉलेज नाही, कोर्स नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्ज बसत नाही म्हणाले. घर तारण ठेवा म्हणतात. घर वडिलांनी बांधलेलं. उलटसुलट यांचं खरं असेल, पैसे आपलेच. पण व्याज बँकेचं चालू राहणार ना? शिवाय मुलाचं लग्न ठरलंय, मे महिन्यात. सूनबाईंना बरोबर नेता येतं का?

नेकरकाठचा

काका, चान्सनकार्टवर बायकोला नेता येत नाही, हे यूट्यूबवाले शेवटच्या मिनिटाला सांगतात. ब्ल्यू कार्ड मिळालं की येते, तिला जर्मनची अट नाही आणि लगेच नोकरीही करता येते. त्यासाठी २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरोचा पगार लागायचा, तुटवड्याच्या पेशांत ४३,७५९ युरो ८० सेंट. (ते ८० सेंट वाचून मला दर वेळी हसू येतं. यांचा देश.) घर मात्र तारण ठेवू नका. पाया पडतो.

@उलटसुलट, बदलीवर नाही आलो. मास्टर्सला आलो. नंतर नोकरी शोधायला जे १८ महिने मिळतात त्यातले १७ वापरले. घरी फोन करायचो तेव्हा ‘चालू आहे’ एवढंच सांगायचो. म्हणून लिहिलं.

उलटसुलट

बदलीचं मागे घेतो. पण तुम्हाला सतरा महिने लागले आणि लागलीच ना नोकरी? तुमच्या जर्मन डिग्रीला शोधायला दीड वर्ष आणि चाकणच्या पोराने वर्षसुद्धा मागू नये?

काका, घराच्या बाबतीत त्यांचं ऐका. कुणी नात्यातलं बिनव्याजी देत असेल तर बघा. आणि पाठवायचंच तर डिसेंबरात पाठवू नका. वर्ष व्हिसावर छापलेल्या तारखेपासून मोजतात आणि नाताळच्या आगेमागे तीन-चार आठवडे मेलला कुणी उत्तर देत नाही. सरळ लग्नानंतरचं बघा. तोवर ए-टू होईल. त्याचाही एक गुण मिळतो, म्हणजे इंग्रजीच्या सी-वन परीक्षेची फी वाचली.

नेकरकाठचा

ए-टूत कारखान्याचं गेट ओलांडता येईल, बस. बी-वन म्हणतो मी. ते असलं तर ब्ल्यू कार्डवाल्याला कायमचा परवाना २१ महिन्यांत मिळतो, नाहीतर २७.

सांगलीकर बाप

बी-वन सांगलीत होतं का, का पुण्याला ठेवावं लागेल?

रात्रपाळी

क्लास घरी बसून ऑनलाइन होतो, काका. मी तसाच केला. परीक्षेला पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जावं लागलं. तारखा भराभर भरतात, आजच बघून ठेवा. आणि क्लासला सूनबाईंचंही नाव घाला.