मदत हवी आहे: फोमचं विमान रंगवून जड करून बसलोय, शेपूट कापू का?

मखरवाला (भांडुप)

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, घाईत असाल तर थेट खाली जा.

सोसायटीच्या गणपतीचं मखर मी बरीच वर्षं करायचो. निक्रोमची तार, एक जुना ट्रान्सफॉर्मर आणि चार पोरं हाताशी असली की महिरप, खांब, कळस दोन रात्रींत उभे. २०१८ ला राज्यात प्लास्टिक-थर्माकोलबंदी आली आणि त्या वर्षीसाठी आधीच घेऊन ठेवलेले ठोकळे माळ्यावर गेले ते गेलेच. टाकवत नव्हते, वापरायची सोय नव्हती. दर दिवाळीच्या साफसफाईला बायको विचारायची, "ह्यांचं काय?" यंदा तिला म्हटलं, विमान.

रिमोटवर उडणारं, शिकाऊ लोकांसाठी असतं तसं, पंख धडाच्या वर रबरबँडने बांधलेलं. पंख ११० सेंमी लांब, २० सेंमी रुंद, गरम तारेने कापला. खालून सपाट, वरून फुगीर. त्यात आकाशकंदिलाच्या उरलेल्या बांबूच्या दोन कामट्या बसवल्या. धड आणि शेपूट ५ मिमी फोमशीटचं. मोटर २२१२ मापाची, १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे). ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), तीन सेलची १००० एमएएच लायपो बॅटरी, ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी). लॅमिंग्टन रोडच्या एकाच फेरीत सगळं मिळालं. (मोटरचे स्क्रू जरा लांब होते. पूर्ण आवळले असते तर आतल्या वायंडिंगला टेकले असते. नवख्यांनी आधी बघून घ्यावं.)

उघडं विमान, बॅटरीसकट, घरातल्या केकच्या मैद्याच्या काट्यावर ३८५ ग्रॅम भरलं. इथेच थांबायला हवं होतं.

पण मखराचा हात. पांढरं थर्माकोल तसंच सोडायचं हे जमेना. स्प्रेचा डबा आणला, डाव्या पंखावर एक हात मारला. आधी काहीच झालं नाही. मग अगदी बारीक चुरचुर ऐकू आली आणि दाणे एकेक करून आत बसायला लागले. अनारशाला पडते तशी जाळी पडली, वितभर. ती बुजवायला लांबी (भिंतीला भरतात ती पुट्टी) भरली. डाव्याला भरली म्हणून उजव्यालाही भरली, धडालाही. पॉलिश पेपर मारला आणि वर प्लास्टिक पेंटचे तीन हात. शेपटीवर मोरपिशी रंग आणि सोनेरी काठ आहे. हसू नका.

आता विमान पंखाखाली दोन बोटांवर तोललं तर पुढच्या कडेपासून साडेसात सेंमीवर तोलतं, म्हणजे शेपूट जड. नाकात जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या कोंबल्या, ४० ग्रॅम, तेव्हा तोल जागेवर आला. एकूण वजन ५२०. शिवाय डावा पंख टोकाला किंचित पिळलाय, आणि पंखाच्या दोन अर्ध्या भागांतला पांढरा गोंद आठवडा झाला तरी ओलाच आहे.

तर प्रश्न: रंग काढता येईल का, आणि कसा? की शेपूटच कापून नवं करू? आणि फोमला दिसायला बरं पण हलकं असं काय लावतात?

पतंगबाज

आधी मोरपिशी शेपटीचा फोटो टाका. बाकी नंतर बोलू.

तिरकी रेघ

काका, शेपूट कापाच. भावना बाजूला ठेवून हिशेब बघा.

शेपूट तोलाच्या बिंदूपासून साधारण किती मागे आहे? पंखाच्या मापावरून ५० सेंमी धरते. नाकातलं शिसं त्याच बिंदूच्या पुढे १६-१७ सेंमीवर असेल. म्हणजे शेपटीवर चढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात तीन ग्रॅम मागतो. तुमचं ४० ग्रॅम शिसं हे शेपटीवरच्या जेमतेम १३-१४ ग्रॅम रंग-लांबीचं व्याज आहे. शेपूट उघडं केलंत तर ते १४ आणि शिशाचे ४०, दोन्ही जातील. पंखावर अख्खा दिवस घासून एवढं वाचणार नाही. सुरुवात मागून करा.

तोलाची जागा बरोबर घेतलीत. २० सेंमी रुंदीला ५ ते ६ सेंमी, म्हणजे पंचवीस ते तीस टक्के. साडेसातवर तोलणारं विमान उडवू नका. नाक वर करून उडी घेतं आणि मग ऐकत नाही.

जोगळेकरांचा बंड्या

एवढं काय घाबरवताय त्यांना. १००० केव्हीची २२१२ तीन सेलवर ५२० ग्रॅम आरामात ओढते, ओढून वर जोर उरतो. शिसं आहे तिथे राहू द्या, रंग राहू द्या, हवेत सोडा. पहिलं विमान तसंही आपटणारच आहे.

तिरकी रेघ

@बंड्या, मोटर ओढेल याबद्दल वादच नाही. प्रश्न उतरण्याचा आहे. त्यांचा पंख २२ चौरस डेसिमीटर. ३८५ ग्रॅमला दर चौरस डेसिमीटरवर साडेसतरा ग्रॅम येतात, ५२० ला साडेतेवीस. ज्या वेगाखाली पंख साथ सोडतो तो वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे इथे सोळा टक्के. ऐकायला कमी वाटतं. पण पहिल्यांदा रिमोटची स्टिक धरणाऱ्याला विचार करायला मिळणारा वेळही तेवढाच कमी होतो. आणि आपटणारच असेल तर हलकं आपटू दे ना. हलका फोम वाकतो. नाकात शिसं असलेला फोम स्वतःच्या शिशाने फाटतो.

निवृत्त फिटर

मखरवाले, तुमच्या गोंदाचं आधी बोलतो, कारण ते उडताना सुटलं तर बाकी चर्चा फुकट. फोमच्या दोन सपाट तोंडांमध्ये पांढरा गोंद सुकत नाही. त्यातलं पाणी बाहेर पडायला वाट लागते, फोम ती देत नाही. त्यात हा पावसाळा. पंख उघडा, ओला गोंद फडक्याने पुसा आणि दोन भागांचा इपॉक्सी लावा. भज्याच्या पिठासारखा नव्हे, पातळ हात, आणि वर रात्रभर वजन. झटपट चिकटणारा सुपरग्लू थर्माकोलला खातो, तुमच्या स्प्रेने खाल्लं तसंच. स्प्रेत द्रावक असतं, सुपरग्लू स्वतःच फोम विरघळवतो. रंग काढायला थिनर लावू नका, हे सांगायला नको, पण सांगून ठेवतो.

रंग कोरडाच काढायचा. लाकडी ठोकळ्याला नवा २२० चा पॉलिश पेपर गुंडाळा, एकाच दिशेने हलक्या हाताने. जुना बोथट पेपर दाणे उपटतो. सगळा रंग काढायच्या मागे लागू नका, लांबीचा फुगवटा गेला की बस. जिथे जाळी पडली आहे तिथे राहू द्या. मखर लोक दोन फुटांवरून बघतात, विमान पन्नास फुटांवरून.

शेपटीच्या हलत्या भागाच्या बिजागरीत रंग गेला असेल तर तीही आखडली असणार. सर्व्हो गुणगुणतोय का, कान लावून ऐका. नवी शेपूट कराल तेव्हा बिजागरी नुसत्या चिकटपट्टीची ठेवा. फोम एका बाजूने तिरका कापून पट्टी दुसऱ्या बाजूला.

मखरवाला

फिटरसाहेब, गुणगुणतोय! स्टिक मध्यावर असतानाही. मला वाटलं सर्व्होच तसा असतो.

तिरकी रेघ, तुमचा हिशेब बायकोलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, "व्याज समजलं, आता कापा." पण मला नागडं विमान उडवायचं नाही, एवढं हट्टाने सांगतो. काहीतरी लावणारच.

पतंगबाज

मग तुमच्याकडे आहे तेच लावा की. आकाशकंदिलाचा पतंगी कागद! पांढरा गोंद एक भाग, पाणी दोन भाग. थर्माकोलवर ब्रशने पातळ हात, वर कागद अलगद ठेवायचा, मग ओल्या ब्रशने मधून कडेकडे. इथे गोंद सुकतो, कारण पाणी कागदातून उडून जातं. सुकताना कागद कंदिलासारखा ताणतो आणि पंख कडक होतो.

तीन गोष्टी सांभाळा. वरची आणि खालची बाजू एकाच दिवशी करा, नाहीतर एका बाजूचा ताण पंख वाकवतो. तुमचा पिळलेला पंख बहुधा असाच, एका बाजूला जास्त लांबी बसल्याने. दुसरं, ओलं असतानाच सपाट फळीवर ठेवून चार कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवा. तिसरं, पतंगी कागद ओला झाला की रंग सोडतो. गुलाबी तर फारच. पांढऱ्याशेजारी गुलाबी लावलात तर रंगपंचमी होईल.

पुढच्या कडेला आणि पोटाला मात्र पारदर्शक पॅकिंग टेप. उतरताना गवत तिथेच घासतं. अख्ख्या विमानाला टेप नको, कागदापेक्षा जड पडते.

वांगणीकर

सगळे पंखावर बोलताय, उडवणार कुठे ते कोणी विचारलं का? भांडुपच्या मैदानात चुकूनही नको. मुंबईत ड्रोन, रिमोटवरची छोटी विमानं, पॅराग्लायडर यांच्यावर बंदीचे पोलिसी आदेश वरचेवर निघत असतात. आणि सांताक्रूझ, जुहू, आता नवी मुंबई असे विमानतळ असल्यावर शहराच्या हवाई नकाशात मोकळं काय उरणार. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि पुढे २ किलोपर्यंत मायक्रो, म्हणजे तुम्ही रंग काढा नाहीतर ठेवा, मायक्रोच. हौसेसाठी उडवणाऱ्या मायक्रोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण जागा हिरव्या पट्ट्यात (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) हवी आणि उंची ४०० फुटांच्या आत. डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर जागा बघून घ्या, आणि शेत असेल तर मालकाला विचारा. आमच्याकडे भात कापून झाला की मोकळी शेतं मिळतात. तोवर सिम्युलेटरवर हात बसवा.

यायचं तर सकाळी या. दुपारकडे खारा वारा सुटला की एवढं हलकं विमान पतंग होतं.

मखरवाला

बारा दिवसांनी लिहितोय.

शेपूट कापली. कापताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू. तुकडा मैद्याच्या काट्यावर ठेवला: २८ ग्रॅम. तोच आकार कोऱ्या फोमशीटमधून कापला: १४. तिरक्या रेघेने न बघता काढलेला आकडा असा बरोबर निघाल्यावर मी दोनदा काटा शून्यावर आणून पुन्हा मोजलं.

पंख उघडला तेव्हा आतला गोंद लोण्यासारखा होता. पुसून इपॉक्सी लावला. घासायला दोन संध्याकाळी गेल्या, गॅलरीत बर्फ पडल्यासारखं झालं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचं वाळत घातलेलं धुणं पांढरं झालं. त्यांना चकल्या देऊन मिटवलं. पतंगी कागदाचा अख्खा ताव ७ ग्रॅम भरला. पंखाला दोन्ही बाजूंनी मिळून दीड तावाच्या आसपास लागला. वर गोंदाचं पाणी सुकल्यावर जेमतेम तेवढंच वजन. पिळलेलं टोक उलट पिळून हेअर ड्रायरची दुरून ऊब दिली, हातातच गार होऊ दिलं, तीनदा केलं तेव्हा सरळ झालं. जवळ नेलं असतं तर पुन्हा अनारसा.

शिसं सगळं काढलं. बॅटरी बोटभर पुढे सरकवली तर तोल साडेपाचवर. एकूण वजन ४१८. थोडी लांबी अजून जाळीत आहे, ती काढायला गेलो तर पंख जाईल.

पतंगबाजांचं न ऐकता टोकाला गुलाबी पट्टा लावलाच. रंग सुटला, पांढऱ्या पंखावर चार बोटं आत आला. वाईट नाही दिसत, उलट मुद्दाम केल्यासारखं वाटतं. मोरपिशी शेपूट टीव्हीच्या वर ठेवली आहे.

वांगणीकर, भातकापणीनंतरच्या पहिल्या रविवारी येतो. आता एकच राहिलं: ११० सेंमीचा पंख लोकलमधून आणायचा कसा?

वांगणीकर

रबरबँड काढून पंख वेगळा करा, चादरीत गुंडाळा. पहाटेची कर्जत घ्या, त्या दिशेला त्या वेळी गर्दी नसते. तरी लगेजच्या डब्यातच चढा, मासळीच्या टोपल्यांपासून जरा लांब उभे राहा. ओलं लागलं तर गुलाबी पुन्हा सुटेल. बॅटरी विमानात लावून आणू नका, वेगळ्या छोट्या डबीत आणा. चार्जर आणायची गरज नाही, माझ्याकडे आहे.

पतंगबाज

मी पण येतो. शेपटीचा फोटो अजून आलेला नाही.