रक्त, हाड आणि चरबी एकाच गटात कशी? संयोजी ऊतींविषयी एक शंका

नववीची_आई :
नमस्कार. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात संयोजी ऊतींखाली रक्त, विरल ऊती, मेद ऊती, कास्थी, अस्थी, स्नायुरज्जू आणि अस्थिबंध अशी नावे एका तक्त्यात दिली आहेत. तक्ता तिला तोंडपाठ आहे, परंतु वाहणारे रक्त आणि दगडासारखे कठीण हाड एकाच पंक्तीत कोणत्या आधारावर बसवले, असे तिने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. त्याला जोडूनच माझी स्वतःची एक शंका. सासूबाईंचे मनगटाचे मोडलेले हाड प्लास्टरमध्ये ठेवल्यावर व्यवस्थित जुळून आले, मात्र कबड्डी खेळताना माझ्या भावाच्या गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, तुटला तेव्हा शस्त्रक्रियेवाचून इलाज राहिला नाही. हाड जर अधिक कठीण, तर तेच लवकर का सांधले जाते?

निवृत्त_जीवशास्त्रवाले :
ताई, मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. अभिस्तर ऊतींमध्ये, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरात किंवा आतड्याच्या अस्तरात, पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नसते. संयोजी ऊतींत याच्या उलट स्थिती आढळते. पेशी विखुरलेल्या असतात आणि मधली जागा आधारक नावाच्या पदार्थाने भरलेली असते. हा आधारक द्रव असला तर रक्त, लवचीक पण घट्ट असला तर कास्थी आणि त्यात कॅल्शिअमचे क्षार साचले तर अस्थी, अशी ही विभागणी आहे. शिवाय गर्भावस्थेत या ऊती मुख्यतः मध्यस्तरातून, म्हणजे गर्भातील पेशींच्या मधल्या थरातून, तयार होतात, म्हणजे त्यांचे मूळही एक आहे.

हाडाच्या बाबतीत मुलीला एक प्रयोग जरूर करायला लावा. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि व्हिनेगर अधूनमधून बदलावे. आम्लामुळे क्षार विरघळतात आणि मागे कोलॅजन प्रथिनाच्या तंतूंचा सांगाडा उरतो. हाडाचा आकार तोच राहतो, पण ते हाताने वाकवता येते. हाडाच्या वजनात क्षारांचा वाटा साधारण दोन तृतीयांश असतो आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन असते. उलट, हाड भट्टीत जाळले तर कोलॅजन नष्ट होऊन क्षार तेवढे उरतात आणि बोटाने दाबताच त्याचा चुरा होतो. कठीणपणा क्षारांचा, चिवटपणा कोलॅजनचा, हे मुलांना एकदा डोळ्यांनी दिसले की वेगळे शिकवावे लागत नाही.

विरल ऊती पाहायची असेल तर चिकन साफ करताना कातडी मांसापासून हलकेच ओढावी. मधोमध जो पारदर्शक, जाळीसारखा पातळ पापुद्रा ताणला जातो, तीच ही ऊती.

सूक्ष्मदर्शकापाशी :
सरांच्या उत्तराला थोडी पुस्ती जोडतो. आधारकाची कसोटी सर्वत्र सारखी लागू पडत नाही. मेद ऊतीत पेशीच जास्त आणि आधारक अगदी कमी असतो. पांढऱ्या मेदाच्या प्रत्येक पेशीत चरबीचा एकच मोठा थेंब असतो आणि त्याने केंद्रकाला पार कडेला रेटलेले असते. ऊर्जा साठवणे, उष्णता बाहेर जाऊ न देणे आणि मूत्रपिंडासारख्या अवयवांना धक्क्यांपासून सांभाळणे ही तिची कामे आहेत. रक्ताचे प्रकरण तर आणखी वेगळे आहे. हाडातील पेशी स्वतःभोवतीचा आधारक स्वतःच घडवतात, तर रक्तद्रवातील बरीचशी प्रथिने यकृतात तयार होतात आणि एरवी रक्तात तंतू दिसतच नाहीत. जखम झाली की मात्र विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनतात आणि त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी धरते. म्हणूनच काही अभ्यासक रक्ताला ‘विशेष’ संयोजी ऊती म्हणून निराळे ठेवणे पसंत करतात. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच तक्ता लिहावा.

फिजिओ_ताई :
भावाच्या गुडघ्याविषयी लिहिते. ऊती किती कठीण आहे यापेक्षा तिला रक्तपुरवठा किती आहे यावर तिचे सांधले जाणे अवलंबून असते. हाडात रक्तवाहिन्या भरपूर असतात, हाडाभोवतीच्या आवरणातही असतात आणि जुन्या हाडाचा भाग विरघळवून तेथे नवे हाड घालण्याचे काम जन्मभर चालू असते. त्यामुळे मोडलेल्या जागी अखेरीस खरे हाडच तयार होते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या स्नायुरज्जूला आणि हाडाला हाडाशी जोडणाऱ्या अस्थिबंधाला रक्त बेताचेच मिळते, म्हणून ते हळू भरून येतात आणि भरून आलेली जागा मूळच्या तंतूंसारखी नीट ओळीत नसते. कास्थीला तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यातल्या कास्थीचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून झिरपून होते आणि सांधा हलता राहिला तरच ते नीट होते, म्हणून गुडघा दुखतो म्हणून महिनोन्‌महिने बसून राहणाऱ्यांना आम्ही हलके व्यायाम करायला सांगतो.

गुडघ्याच्या आत पुढच्या बाजूला जो आडवा-तिरपा अस्थिबंध असतो, तो पूर्ण तुटला तर त्याची टोके सहसा आपोआप जुळत नाहीत, कारण जुळण्यासाठी लागणारी रक्ताची गुठळी सांध्यातील द्रवात टिकत नाही. शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच मांडीच्या मागील भागातला किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुरज्जू घेऊन तेथे बसवतात. हा रज्जू पुढच्या काही महिन्यांत हळूहळू अस्थिबंधासारखा बदलत जातो. मधल्या काळात तो मूळच्यापेक्षा कमकुवत असतो. वेदना थांबल्या म्हणून भावाने लगेच मैदानात उतरू नये, एवढे त्यांना आवर्जून सांगावे.

नववीची_आई :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिनेगरचा प्रयोग आजच सुरू केला आहे. फिजिओताई, भाऊ सध्या कोलॅजनची पावडर दुधातून घेतो. त्याने नवा लिगामेंट मजबूत होईल का?

सूक्ष्मदर्शकापाशी :
पोटात गेलेले कोलॅजन इतर प्रथिनांप्रमाणेच पचते आणि त्याची अमिनो आम्ले व लहान तुकडे होतात. ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. पायांचे सूप थंड झाल्यावर थिजते तेही शिजलेल्या कोलॅजनमुळेच, आणि तेसुद्धा याच रीतीने पचते. शरीराला स्वतःचे कोलॅजन बनवण्यासाठी प्रथिनयुक्त आहाराबरोबर क जीवनसत्त्व लागते, कारण त्याच्याशिवाय कोलॅजनच्या तीन धाग्यांचा पीळ पक्का होत नाही. लांबच्या सफरीवरील खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि जुन्या जखमा पुन्हा उघडत, त्यामागचे कारण हेच होते. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, तेव्हा संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. भावाच्या ताटात डाळ, अंडी, आवळा, पेरू आणि लिंबू नियमित असू द्या. पावडर चालू ठेवायची की नाही, हे त्यांच्या शल्यविशारदांना विचारून ठरवावे.