सॅटिव्हा बरखास्त झाली ते बरंच झालं

विहीरकाठ
अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) कॉम्प्टन-विलोब्रुक भागाला पाणी देणारा सॅटिव्हा नावाचा छोटा वॉटर डिस्ट्रिक्ट, म्हणजे फक्त पाणीपुरवठा बघणारी स्थानिक संस्था, होता. १९३८ सालचा. साधारण १,६०० नळ कनेक्शनं आणि पाच जणांचं निवडून आलेलं संचालक मंडळ. २०१८ मध्ये नळांना तपकिरी पाणी यायला लागलं, जुन्या पाइपांत साचलेल्या मँगनीजमुळे. लोक तेच पाणी बाटल्यांत भरून सभेला घेऊन आले. डिस्ट्रिक्टची बाजू घ्यायला भाड्याची माणसं आणल्याचंही उघड झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने खास कायदा केला, संचालकांचे अधिकार गेले आणि कारभार काउंटीच्या पब्लिक वर्क्स खात्याकडे आला.

हे खूप आधी व्हायला हवं होतं. सोळाशे घरांच्या पाणीपट्टीत एवढ्या जुन्या पाइपलाइनी बदलून होत नाहीत, संचालक कितीही सचोटीचे असोत.

टीसीएल पावडर
साफ असहमत. लॉस एंजेलिस काउंटीत जवळपास १ कोटी लोक आणि काउंटी चालवणारे निवडून आलेले सुपरवायझरही पाचच! एकेकाच्या वाट्याला २० लाख माणसं. त्यांना सोळाशे घरांचा नळ कधी दिसणार?

आमच्या गावी ग्रामपंचायतीची योजना आहे. मोटर जळाली की बायका रिकामे हंडे घेऊन सरपंचांच्या ओट्यावर जाऊन बसतात. संध्याकाळपर्यंत मोटर रिवाइंडिंग होऊन येते. पलीकडचं गाव प्रादेशिक योजनेवर आहे. तिथे बाकीच्या गावांनी पाणीपट्टी थकवली आणि वीज तोडली, की नियमित पैसे भरणारं हे गावही कोरडं. आणि जायचं कुणाच्या ओट्यावर?

विहीरकाठ
ओट्याचा मुद्दा मान्य. पण सॅटिव्हाचे लोकही संचालकांसमोर गेलेच होते ना, बाटल्या घेऊन? मोटर रिवाइंड करणं काही हजारांचं काम. गावाखालची सगळी पाइपलाइन उकरून बदलायची म्हटली तर तुमचे सरपंच तरी कुठून पैसे आणतील? तेसुद्धा जिल्हा परिषदेचंच दार ठोठावणार.

पाणपोई
पुढचं कुणीच सांगितलं नाही. काउंटीने सॅटिव्हा स्वतःकडे ठेवली नाही, सबर्बन वॉटर सिस्टिम्स या खासगी कंपनीला विकली. आता दर राज्याच्या युटिलिटी कमिशनच्या मंजुरीने ठरतात. पाणी गढूळ आलं तर मत देऊन पाडता येईल असं मंडळच त्या लोकांकडे उरलं नाही.

विहीरकाठ
हे मात्र मलाही बोचतं. विकण्याआधी तिथल्या रहिवाशांचं मतदान घ्यायची अट त्याच कायद्यात घालायला हवी होती. तरी बरखास्ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. नळाला तपकिरी पाणी येत असताना पुढच्या निवडणुकीची वाट बघा, हे लेकरंबाळं असलेल्या घराला कुठल्या तोंडाने सांगायचं?

टीसीएल पावडर
वाट बघा असं मीही म्हणत नाही. पाइपांचे पैसे राज्याने द्यावेत, देखरेख काउंटीने करावी, आणि पाणी स्वच्छ झालं की मंडळ पुन्हा निवडून आणावं. आमच्याकडेही ग्रामपंचायत बरखास्त झाली की प्रशासक येतो, पण पुढे निवडणूक घ्यावीच लागते. सॅटिव्हाच्या लोकांना तेवढंही मिळालं नाही.