पीडिताला भरपाई म्हणजे तोंड बंद करण्याचे पैसे?

साक्षीदार क्र. ३: काल 'कडूनिंब' यांनी लिहिलं की गुन्ह्यातल्या पीडितांना सरकारने भरपाई देणं म्हणजे करदात्यांच्या पैशाने तोंड बंद करणं; वसुली गुन्हेगाराकडूनच व्हावी. दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, जमलं नाही. माझ्या भावाच्या डोक्यात रात्री कामावरून येताना कुणीतरी सळई घातली. कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. आता वसुली कुणाकडून करू? नेमकं यासाठीच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३५७अ, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं ३९६ आहे. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. न्यूझीलंडने असा कायदा १९६३ मध्ये केला. आपल्याकडे २००९ उजाडावं लागलं.

कडूनिंब: कलमं मलाही वाचता येतात. त्यातच चौकशी दोन महिन्यांत संपवा असंही आहे. तुम्हाला किती लागले, ते सांगा ना.

साक्षीदार क्र. ३: १४. आणि खिडकीवरच्या बाईंचा पहिलाच प्रश्न, 'आरोपपत्र कुठंय?'

निमूट: भरपाईचं सोडा हो, आधी आमच्या वस्तू तरी परत द्या! माझी स्कूटर चोरीला गेली आणि ११ दिवसांत सापडली. पेढे वाटले. मग कळलं, ती आता स्कूटर नाही, मुद्देमाल आहे. सुपुर्दनाम्याचा, म्हणजे वस्तू ताब्यात मिळण्याचा अर्ज, सरकारी वकिलांचं म्हणणं, तारीख, पुढची तारीख. सोडवली तेव्हा हँडलला तारेने बांधलेल्या पुठ्ठ्यावरचा गुन्हा नंबर पावसात धुऊन गेला होता आणि फुटबोर्डवर गवत उगवलं होतं. चोर तोवर जामिनावर.

फौजदारी_बाबा: सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्याचा निकाल, २००२. ठाण्यात वस्तू १५ दिवस ते महिनाभर, त्यापुढे नको, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर न्यायालयाने १४ दिवसांत मुद्देमालाची यादी करायची, आणि फोटो काढल्यावर ३० दिवसांत त्याचं काय करायचं याचा आदेश. तुमच्या वकिलाने हे दाखवलं नाही?

निमूट: त्यांनी नवीन गाडी घ्या म्हणून सांगितलं.

चष्मिष्ट: आईची चेन ६ वर्षं लाखेचं सील लावलेल्या डबीत. उघडली तर चेन होती, पदक गायब. पंचनाम्यात एवढंच, 'पिवळ्या धातूची चेन'.

फौजदारी_बाबा: तपासल्याशिवाय 'सोन्याची' लिहिता येत नाही, मॅडम.

चष्मिष्ट: पदक होतं हे लिहायलाही सोनार लागतो का?

कडूनिंब: बघा, विषय हक्कांचा आणि भांडण डबीवर. आता खरा हक्क ऐका. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली, तर पीडिताला अपील आहे. शिक्षा कमी झाली म्हणून नाही! म्हणजे सरकार म्हणतं, पैशासाठी भांडा, शिक्षेचं आम्ही बघू. तोंड बंद करणं म्हणजे याहून वेगळं काय?

साक्षीदार क्र. ३: यावर उत्तर नाही माझ्याकडे, घ्या. पण त्या रडतखडत आलेल्या पैशांतून भावाची फिजिओथेरपी झाली. आता त्याच्या हातातून चमचा पडत नाही. तुमच्या तत्त्वासाठी परत करू का ते?

कडूनिंब: परत कुणी मागितलेत? अर्जाचा नमुना असला तर टाका इथे. शेजाऱ्यांना हवाय.

साक्षीदार क्र. ३: टाकतो. एफआयआरची प्रत जोडा, ती पीडितालाही फुकट मिळते. खिडकीवर आरोपपत्र मागतील, तेव्हा ३९६ चं पोटकलम ४ पुढे करा. शेजाऱ्यांसाठी सांगतोय, तुमच्यासाठी नाही.