अंदमानचे अंदाजपत्रक: उलट्या टोकाने मांडावे

अंदमानच्या सहलीचा खर्च काढताना सहल कंपनीच्या पॅकेजचा दर गुणिले माणसे असा हिशेब मांडला जातो. त्यात थोडी भर घालतो. आमच्या लातूरकडे सोयाबीनचे पैसे हाती आले की दिवाळीच्या सुट्टीचे बेत ठरतात आणि नेमके तेव्हाच विमानाचे दर चढलेले असतात. मराठवाड्यातून श्रीविजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) थेट विमान नसल्यामुळे हैदराबाद किंवा मुंबई, पुढे बहुधा चेन्नई वा कोलकाता, असे टप्पे आणि मधला एखादा मुक्कामही खर्चात धरावा लागतो.

पॅकेजच्या माहितीपत्रकात ‘वॉटर स्पोर्ट्ससह’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ पुष्कळदा एलिफंट बीचची (हॅवलॉक बेटावरचा किनारा) बोट आणि किनाऱ्यालगतचे थोडे स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावरून खालचे पाहणे) एवढाच असतो. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी), सी-वॉक (हेल्मेट घालून समुद्रतळावर चालणे), जेट-स्की (पाण्यावरची मोटरसायकल) यांचे पैसे वेगळे. प्रत्येक बाबीपुढे ‘समाविष्ट’ की ‘स्वतंत्र’ हे लेखी मागून घ्यावे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा, म्हणजे परतीच्या विमानाचा दिवस; हिशेब तिथूनच मागे मांडत यावा. एका स्कूबा डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्यास किमान 18 तास विमानप्रवास टाळावा, अशी सर्वमान्य शिफारस आहे. म्हणून डाइव्ह आधीच्या दिवसांत बसवावी, नाहीतर एक जादा मुक्काम धरावा. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रवासविम्यातही स्कूबा वगळलेले नाही ना, ते तपासावे.