ग्रामपंचायतीत ‘दोनच टर्म’ असा नियम गावाला करता येतो का?

शिवारकट्टा:
आमच्या गावात ९ सदस्यांची ग्रामपंचायत आहे आणि पदं दोन-तीन घरांतच फिरतात. एका माणसाने सलग दोनपेक्षा जास्त वेळा उभं राहायचं नाही, असा ठराव ग्रामसभेत घेतला तर तो टिकेल का? नसेल टिकणार, तर ज्यांनी कधी निवडणूक लढवली नाही अशा साध्या माणसांना उभं करायला काय तयारी लागते?

नमुना_आठ:
ठराव टिकणार नाही. उमेदवार अपात्र कोण, हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये ठरलेलं आहे, त्यात ग्रामसभेला भर घालता येत नाही. ठराव झाला तरी निवडणूक निर्णय अधिकारी त्या कारणाने अर्ज बाद करू शकत नाहीत. सदस्याने किंवा सरपंचाने किती वेळा निवडून यावं यावर कायद्यात बंधन नाही.

खुर्ची हलते ती आरक्षणाच्या फिरतीमुळे. सरपंचपदाची सोडत निघते, प्रभागातल्या जागांचंही आरक्षण बदलतं, निम्म्या जागा महिलांना. पण जागा राखीव झाली की त्याच घरातली सून किंवा पत्नी उभी राहते आणि कारभार जुन्याच माणसाच्या हातात राहतो. तेव्हा फिरतीचा फायदा हवा असेल तर प्रत्येक प्रभागात दुसऱ्या घरातली माणसं तयार पाहिजेत, सोडत निघाल्यावर शोधून भागत नाही.

छाननी_टेबल:
तयारी वर्षभर आधी सुरू करा. नव्या माणसांचे अर्ज बहुतेक साध्या कारणांनी अडकतात.

घरपट्टी-पाणीपट्टी आधी बघा. मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर अपात्रतेचा मुद्दा निघतो. अर्जाच्या आदल्या दिवशी भरून पावती जोडली तरी विरोधक बिलाची तारीख काढून हरकत घेतात.

अतिक्रमण त्याहून अवघड. सरकारी किंवा गावठाणाच्या जागेवर घर असेल, तर ते वडीलधाऱ्यांनी बांधलंय म्हणून सुटका नाही. त्या घरात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. उमेदवार ठरवण्याआधी नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणी नोंदवहीचा) उतारा काढून जागा कोणाची ते पाहा.

याशिवाय वय २१ पूर्ण, गावच्या मतदार यादीत नाव, घरात शौचालय. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली तर अर्ज बाद. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी पास लागते. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्राचं प्रकरण आधीच जात पडताळणी समितीकडे टाका. ते मुदतीत आलं नाही तर निवडून आलेली जागाही जाते.

शिवारकट्टा:
आणि हरलो तर? लोक ‘एकदा पडलो, आता नाही’ म्हणून मागे जातात.

छाननी_टेबल:
हरलेल्याने सगळ्यात आधी खर्चाचा हिशोब द्यायचा. निकालापासून ३० दिवसांत, पडलेल्यानेही, बिनविरोध आलेल्यानेही. काही खर्च नसला तरी शून्य खर्चाचा. पहिल्यांदा उभी राहणारी माणसं पडली की कागद घरात टाकून मोकळी होतात. मग कलम १४ ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरतात आणि पुढची निवडणूक हातची जाते. जुन्या पॅनेलचा कारकून हे विसरत नाही, नव्याचं कोणी बघत नाही. म्हणून रोजचा खर्च वहीत, पावतीसकट, त्याच दिवशी लिहा आणि हिशोब दिल्याची पोच जपून ठेवा.

वावर_५६:
गावाने बसून ठरवून बिनविरोध करायला हरकत नाही, ‘यंदा दुसऱ्या घराला संधी’ हे समजुतीने होऊ शकतं. पण त्यात पैशाची बोली आणू नका. सरपंचपदाच्या लिलावामुळे नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केली होती.

आणि निवडून आल्यावर काय करायचं तेही आताच शिकवा. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं तर कलम ४० नुसार पद जातं. नव्या सदस्याने पहिल्याच सभेत मागचं इतिवृत्त, कॅशबुक आणि बँक पासबुक शेजारी ठेवून जुळवून पाहावं. ग्रामसेवकाला (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) विचारायला संकोच वाटला तर वर्षभर फक्त सह्या होतात. गावात अशी चार-पाच माणसं पासबुक वाचायला शिकली, तर पुढच्या वेळी उमेदवार शोधत हिंडावं लागणार नाही.